चित्र मधूनच फुटतं, मग आपोआप नीट होतं: डिजिटल टीव्हीचा दोष कसा शोधायचा आणि अँटेना कोणता घ्यायचा

टीव्ही कायमचा बंद पडला तर दुरुस्ती सोपी असते. डोकं खातो तो मधूनच बिघडणारा टीव्ही. रात्री ऐन बातम्यांच्या वेळी चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो, 'सिग्नल नाही' अशी पाटी झळकते. सकाळी मेकॅनिक येतो तेव्हा सगळं ठणठणीत. तो बिचारा 'अँटेना बदला' किंवा 'बूस्टर लावा' एवढंच सांगून जातो. तेही करून झालं की आठवड्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

इथे बोलतोय ते टॉवरवरून हवेतून येणाऱ्या आणि आपल्या अँटेनाने पकडायच्या डिजिटल टीव्हीबद्दल. डिश किंवा केबल कनेक्शनचे आजार वेगळे, ते यात नाहीत. माझं सांगणं एवढंच आहे की खिशात हात घालण्याआधी दोष नेमका कधी येतो आणि कोणत्या चॅनेलवर येतो हे चार दिवस कागदावर लिहा. बहुतेक वेळा दोषाचं मूळ त्या कागदावरच सापडतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या

जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीत सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. जितका कमी तितक्या जास्त मुंग्या. त्यामुळे काहीतरी बिघडत चाललंय हे महिनोन्‌महिने आधी दिसायचं. डिजिटलमध्ये अशी पूर्वसूचना मिळत नाही. आलेल्या आकड्यांमधल्या चुका बॉक्स (सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्हीतलाच रिसीव्हर) स्वतः दुरुस्त करत राहतो आणि चित्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. चुका दुरुस्तीपलीकडे गेल्या की एकदम कोसळतं. सिग्नल हा आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ ते २० डेसिबलने (डेसिबल म्हणजे सिग्नल किती पट कमी-जास्त आहे ते सांगायचं माप) वर असावा लागतो (नेमका आकडा प्रक्षेपणाच्या पद्धतीवर ठरतो), आणि 'उत्तम' ते 'काहीच नाही' यातलं अंतर जेमतेम एक-दोन डेसिबलचं असतं.

म्हणजे चित्र छान दिसतंय यावरून तुम्ही त्या कड्यापासून किती लांब उभे आहात ते कळत नाही. कुणाकडे दहा डेसिबल शिल्लक असते, कुणाकडे एक. ज्याच्याकडे एक, त्याच्याकडे झाडाची फांदी ओली झाली तरी टीव्ही बंद. मधूनच येणारा दोष म्हणजे शिल्लक संपलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती कुठे खर्च होतेय हे शोधायचं आहे.

दुसरं, आपण ज्याला चॅनेल म्हणतो ते हवेत सुटं सुटं येत नाही. सहा, सात किंवा आठ मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका पट्ट्यात अनेक चॅनेल एकत्र बांधून पाठवतात. याला मल्टिप्लेक्स किंवा नुसतं मक्स म्हणतात. डीव्हीबी-टी२ या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीत आठ मेगाहर्ट्झच्या एका मक्समधून सेकंदाला ४० मेगाबिट किंवा त्याहूनही जास्त मजकूर जाऊ शकतो. त्यामुळे 'अमुक चॅनेल दिसत नाही' अशी तक्रार असेल तर आधी त्याच मक्सवरचे बाकीचे चॅनेल बघायचे. तेही गेले असतील तर दोष त्या फ्रीक्वेन्सीचा. ते नीट असतील तर अँटेनाला हातसुद्धा लावू नका. पुन्हा स्कॅन करा किंवा तो चॅनेलच दुसरीकडे हलवलाय का ते बघा.

दोन पट्ट्यांपैकी कोणती खरी

टीव्हीच्या किंवा बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात: एक ताकदीची, एक दर्जाची. लोक ताकदीच्या पट्टीकडे बघतात, कारण ती वर असते. निर्णय मात्र दर्जाच्या पट्टीवरून घ्यायचा. टक्क्यांना काही सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचे ६० टक्के म्हणजे दुसऱ्या कंपनीचे ८० असू शकतात. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका. आपल्याच टीव्हीवर, आपल्याच मक्सचा कालचा आणि आजचा आकडा ताडून पाहा.

दोन्ही पट्ट्या खाली असतील तर सिग्नल खरोखर कमी येतोय: अँटेना, दिशा, केबल. ताकद भरपूर आणि दर्जा हलतोय, तर सिग्नलमध्ये घाण मिसळतेय किंवा तो गरजेपेक्षा जास्त आहे. या दुसऱ्या प्रकारात बूस्टर लावणं म्हणजे आगीत तेल.

कागदावरची नोंद काय सांगते

*पाऊस पडला की जातं, आणि पाऊस थांबला तरी दोन-तीन दिवस नीट येत नाही.* जवळजवळ नक्की पाणी शिरलंय: अँटेनाच्या डबीत, जॉइंटमध्ये किंवा केबलच्या आत. पाऊस स्वतः या फ्रीक्वेन्सीवर फारसा सिग्नल खात नाही. तो त्रास डिशवाल्यांचा. ओली केबल वरच्या फ्रीक्वेन्सीचं नुकसान जास्त करते, म्हणून आधी वरच्या फ्रीक्वेन्सीचे मक्स जातात.

*पाऊस थांबून ऊन पडलं की तासाभरात नीट.* मग समोरच्या झाडावर संशय घ्या. ओली पानं यूएचएफ (टीव्हीच्या वरच्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यातल्या) लहरी चांगल्याच अडवतात. पालवी फुटली की दर्जा घसरतो आणि पानगळीत वाढतो, अशी वर्षभराची लय दिसली तर शंकाच नको. केबल कितीही बदला, झाड तिथेच असणार. अँटेना दोन-तीन मीटर बाजूला सरकवून पानांच्या मधल्या फटीतून टॉवर 'दिसतो' का ते बघावं लागतं.

*वारा सुटला की.* एकतर झाड हलतंय, नाहीतर अँटेनाचा पाइप. पाइप हाताने हलवून बघणं सोपं आहे. तो घट्ट असेल तर केबल कुठे लोंबकळून जॉइंट ओढतेय का ते पाहा. वाऱ्याबरोबर सेकंदा-सेकंदाला चित्र झटके खात असेल तर सैल जॉइंटच, हे मी डोळे मिटून सांगेन.

*निरभ्र, शांत, दमट पहाट किंवा संध्याकाळ. दोन-चार दिवस सलग त्रास, मग महिनाभर काही नाही.* हवेचा दाब जास्त असताना जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार थर असा उलटा प्रकार घडतो. त्या थरांमधून टीव्हीच्या लहरी वाकतात आणि शेकडो किलोमीटरवरच्या टॉवरचा सिग्नल तुमच्या टॉवरच्या त्याच फ्रीक्वेन्सीवर येऊन आदळतो. घरातल्या कुठल्याही वस्तूचा यात दोष नाही. अशा वेळी एकच नियम: रीस्कॅन करायचं नाही. केलंत तर बॉक्स लांबचा पाहुणा टॉवर जतन करून ठेवतो, हवा बदलल्यावर तो निघून जातो आणि तुमचे चॅनेल खरोखरच गायब होतात. समुद्र किंवा मोठ्या जलाशयापलीकडून सिग्नल येत असेल तर असे चढउतार अधिक होतात. तिथे भरती-ओहोटीबरोबरही दर्जा वरखाली झालेला दिसतो.

*फ्रिज चालू झाला, मिक्सर लावला, जिन्यातला दिवा लागला, खालून मोटरसायकल गेली.* एक चटका, चित्र क्षणभर अडकतं, मग पुढे. ही विजेच्या ठिणग्यांची घाण. स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांची तऱ्हा जराशी वेगळी: ते चालू असेपर्यंत सतत दर्जा खाली धरून ठेवतात. घरातल्या वस्तू एकेक बंद करत दर्जाची पट्टी बघा. बॅटरीवर चालणारा जुना मीडियम वेव्ह रेडिओ असेल तर तो हातात घेऊन घरभर फिरा. गुन्हेगाराजवळ गेलात की रेडिओ खरखरायला लागतो.

*विमान जातं तेव्हा.* विमानाच्या अंगावरून परावर्तित झालेला सिग्नल मूळ सिग्नलशी भांडतो. विमानतळाच्या वाटेवर राहणाऱ्यांना हे माहीत असतंच. शिल्लक वाढली की त्रास कमी होतो, पूर्ण जाईलच असं नाही.

*कशाचाच मेळ लागत नाही.* मग दोष गरम होण्याचा असू शकतो: बूस्टरचा पॉवर सप्लाय किंवा खुद्द बॉक्स. तासभर चालवल्यावर बिघडतं आणि बंद करून थंड झाल्यावर सुधारतं का ते बघा.

केबल: जिथे खरी चोरी होते

एकापेक्षा जास्त टीव्ही असतील तर पहिला प्रश्न: सगळीकडे जातं की एकाच ठिकाणी? एकाच ठिकाणी जात असेल तर स्प्लिटरच्या (एक केबल अनेक टीव्हींना वाटून देणाऱ्या डबीच्या) पुढची केबल, भिंतीतला सॉकेट आणि टीव्हीमागची छोटी तार एवढंच तपासायचं. सगळीकडे जात असेल तर स्प्लिटरच्या मागे जा. एकच टीव्ही असेल तर त्याला उचलून (किंवा लहान टीव्ही उसना घेऊन) छोट्या केबलने थेट अँटेनाखाली जोडून बघणं ही सगळ्यात खात्रीची चाचणी. तिथे दर्जा पक्का आणि खोलीत डळमळीत, तर चोर मधल्या वाटेवर आहे. वाट अर्धी अर्धी करत जा.

टीव्हीमागची साचेबंद, बारीक, पांढरी तार आधी बदला. ती सर्वात स्वस्त आणि सर्वात वाईट वस्तू असते. आत जाळीच्या नावाखाली चार-सहा तांब्याचे केस असतात, आणि वर्षानुवर्षं टीव्ही मागे-पुढे ढकलून तेही तुटलेले.

मग जॉइंट उघडा. एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा आट्यांचा जोड) बोटाने फिरवून काढा आणि उजेडात धरा. मधली तार चकचकीत लालसर आणि सरळ हवी, कनेक्टरच्या तोंडापासून जराशी बाहेर डोकावणारी. ती काळवंडली असेल, टोकाला हिरवट पूड जमली असेल, तर पाणी पोचलंय. आता जाळीकडे बघा. तिचा एखादाच केस वळून मधल्या तारेला चिकटलेला असतो. इतका बारीक की बोट फिरवलं तर कळत नाही, भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन दिसतो. तेवढ्या एका केसाने सगळा सिग्नल शॉर्ट होतो किंवा हललं की होतो आणि नीट होतो. केबलचं वरचं आवरण बोटभर सोलून बघा: खालचा पन्नी आणि जाळीचा थर कोरडा, चमकता असेल तर ठीक. राखाडी, ओलसर, दाबल्यावर पाणी सुटणारा असेल तर ती केबल टाकून द्या. वाळवून काही होत नाही. जाळी वातीसारखं पाणी ओढते आणि ते कित्येक मीटर आत गेलेलं असतं.

एक गंमतीची खूण. मधली तार आत कुठेतरी तुटली असेल, पण दोन तुकडे अगदी जवळजवळ असतील, तर यूएचएफ त्या फटीतून बऱ्यापैकी पार होतं आणि खालच्या फ्रीक्वेन्सीचं व्हीएचएफ अडतं. म्हणजे खालचे मक्स गेले आणि वरचे चालू, तर तुटलेली तार शोधा. वरचे गेले आणि खालचे चालू, तर ओली, जुनी किंवा फार लांब केबल.

नवीन केबल ७५ ओहमची, दुहेरी आवरणाची, आरजी-६ प्रकारची घ्या. ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास ती ३० मीटरला साधारण पाच डेसिबल खाते. जुन्या बारीक केबलचं नुकसान याहून जास्त. दोन फाट्यांचा स्प्लिटर साडेतीन-चार डेसिबल घेतो, चार फाट्यांचा सात-आठ. या बेरजेत तुमची सगळी शिल्लक कशी जाते ते वेगळं सांगायला नको. स्प्लिटरचा एखादा फाटा वापरत नसाल तर त्यावर ७५ ओहमची टोपी बसवा. आणि दोन तारा सोलून, पीळ देऊन, टेप गुंडाळून केलेला जॉइंट कुठे दिसला तर तो ताबडतोब काढा.

छतावरच्या कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे थर एकमेकांवर कौलासारखे बसतात. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच टपकून जातं.

बूस्टरबद्दल

बूस्टर सिग्नल वाढवतो आणि त्याच्याबरोबर आलेला गोंगाटही तितकाच वाढवतो. वर स्वतःचा थोडा गोंगाट घालतो. गढूळ पाणी मोठ्या पिंपात ओतलं म्हणून निवळत नाही. मग तो उपयोगी कधी? अँटेनापाशी दर्जा चांगला आहे, पण पुढे लांब केबल आणि स्प्लिटर त्याला खाऊन टाकताहेत, अशा वेळी. तोही अँटेनाच्या अगदी जवळ, पाइपावर लावायचा असतो. कारण बूस्टरच्या आधी केबलमध्ये जे गेलं ते परत मिळत नाही. टीव्हीच्या मागे खोलीत लावलेला बूस्टर म्हणजे बहुतेक वेळा नुसती मनाची समजूत.

विकत घेताना पाकिटावरचा '४० डेसिबल' हा आकडा बघून भुलू नका. बघायचा तो नॉइज फिगर, म्हणजे बूस्टर स्वतःचा किती गोंगाट घालतो तो आकडा: दोन-तीन डेसिबल किंवा त्याहून कमी. वाढ तुमच्या केबल आणि स्प्लिटरच्या नुकसानापेक्षा थोडी जास्त असली की पुरे. १२ ते १५ डेसिबलमध्ये बहुतेकांचं भागतं.

टॉवर जवळ असेल तर बूस्टर उलट काम करतो. सिग्नल इतका मोठा होतो की बॉक्सचं पुढचं दारच गुदमरतं, ताकद शंभर टक्के आणि चित्र शून्य. चाचणी सोपी: बूस्टर पूर्ण काढून थेट जोडा. तो नसेल तर दहा डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम कमी करणारा छोटा जोड) मध्ये घाला. सिग्नल कमी करून चित्र सुधारलं तर निदान झालं.

पाइपावरच्या बूस्टरला वीज केबलमधूनच जाते. ती पुरवणारा छोटा अ‍ॅडॅप्टर टीव्हीच्या जवळ असतो, आणि घरात कुणीतरी 'हे कशाला चालू आहे' म्हणून तो काढून ठेवतं. बंद पडलेला बूस्टर सिग्नल नुसता पुढे सोडत नाही, जवळजवळ पूर्ण अडवतो. काही बॉक्स मेनूतून पाच व्होल्ट अँटेनाला देतात. रीसेट केल्यावर ही सेटिंग बंद होते आणि घरातला बूस्टरवाला अँटेना अचानक मेल्यासारखा होतो.

मोबाइलचा टॉवर आणि एचडीएमआयची तार

पूर्वी यूएचएफ टीव्ही बऱ्याच देशांत ४७० ते ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला होता. वरचा भाग टप्प्याटप्प्याने मोबाइलला दिला गेला. युरोपात आता टीव्ही ६९४ च्या खाली, अमेरिकेत ६०८ च्या खाली. मोबाइलचा मनोरा घराजवळ असेल तर त्याचा जोरदार सिग्नल अँटेनातून शिरतो आणि बूस्टरला गुंगवतो. यावर मोबाइल पट्टा अडवणारा छोटा फिल्टर मिळतो. तो अँटेना आणि बूस्टर यांच्या मध्ये लावायचा. बूस्टरच्या पुढे लावलेला फिल्टर व्यर्थ, कारण बिघाड आधीच होऊन गेलेला असतो. फिल्टर घेताना तुमच्याकडे टीव्ही कुठपर्यंत आहे ते बघा, नाहीतर तो तुमचेच वरचे मक्स कापायचा.

एकच मक्स सतत खराब आणि बाकी सगळे झकास, अशी तक्रार असेल तर टीव्हीमागची एचडीएमआय तार काढून बघा. १०८० रेषांच्या, सेकंदाला ६० चौकटींच्या चित्रासाठी या तारेत १४८.५ मेगाहर्ट्झचं घड्याळ चालतं. त्याची चौथी पट ५९४ मेगाहर्ट्झ, म्हणजे थेट यूएचएफ टीव्हीच्या पोटात. तार हलक्या आवरणाची आणि अँटेनाच्या तारेला लगटून असेल तर तो मक्स बसलाच म्हणून समजा. दोन तारा वेगळ्या करा, दोन्ही चांगल्या आवरणाच्या घ्या. खोलीतला छोटा अँटेना टीव्हीला टेकवून ठेवणाऱ्यांना हा त्रास सर्वात जास्त होतो.

अँटेना निवडताना

एवढं सगळं तपासूनही अँटेनापाशीच दर्जा कमी असेल तेव्हाच इथे या. आणि पहिली गोष्ट, 'डिजिटल अँटेना', '४के अँटेना', 'एचडी अँटेना' हे फक्त पाकिटावरचे शब्द. अँटेनाला त्यातून काय वाहतंय ते कळत नाही; त्याला फक्त फ्रीक्वेन्सी कळते. तीस वर्षांपूर्वीचा अँटेना योग्य पट्ट्याचा आणि न गंजलेला असेल तर आजही झकास चालतो. 'पल्ला शेकडो किलोमीटर' हीसुद्धा थापच. लहरी साधारण सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. टॉवर २०० मीटर आणि तुमचा अँटेना नऊ मीटर उंच धरला तर सपाट जमिनीवर रेडिओचं क्षितिज ७० किलोमीटरच्या आसपास संपतं. मध्ये टेकडी असेल तर त्याहून आधी.

तुमच्या टॉवरचे मक्स कोणत्या फ्रीक्वेन्सीवर आहेत ते आधी शोधा. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेच्या यादीत ते असतं, चालू असलेल्या चॅनेलच्या सिग्नल पानावरही दिसतं. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये येते: ६०० मेगाहर्ट्झला अर्धा मीटर, २०० मेगाहर्ट्झला दीड मीटर. काम करणारा मुख्य दांडा याच्या साधारण निम्मा लागतो, म्हणजे २५ सेंटिमीटर आणि ७५ सेंटिमीटर. त्यामुळे कागदाएवढा सपाट अँटेना यूएचएफ घेईल, पण व्हीएचएफवर तो लंगडाच. एखादा मक्स १७४ ते २३० मेगाहर्ट्झमध्ये असेल तर लांब दांड्यांचा अँटेनाच हवा.

आता आकार. माशाच्या काट्यासारखा दिसतो तो यागी. १९२६ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी मांडलेला, आणि अजूनही छतांवर त्याचंच राज्य आहे. एका दिशेला तोंड करून भरपूर सिग्नल गोळा करतो. पण रुंद पट्ट्याच्या यागीची ताकद सगळीकडे सारखी नसते: वरच्या टोकाला जास्त, खालच्या टोकाला बरीच कमी. ८६२ मेगाहर्ट्झपर्यंतच्या जुन्या यागीची सर्वोत्तम कमाई (गेन, म्हणजे सिग्नल गोळा करायची ताकद) आता मोबाइलच्या पट्ट्यात होते, ही मोठी विनोदी गोष्ट आहे. आधी टॉवर आणि मक्स बदलले, मग 'पूर्वी छान यायचं' अशी तक्रार आली, तर हे एक कारण तपासाच. तुमच्या पट्ट्यापुरता बनवलेला नवा यागी, दिसायला लहान असला तरी, तिथे जास्त देतो.

लॉग पिरिऑडिक हा निमुळत्या शिडीसारखा. कमाई मध्यम, पण पूर्ण पट्ट्यात जवळजवळ सपाट, आणि मागून-बाजूने येणारी घाण चांगली टाळतो. टॉवर समोर, अंतर मध्यम, मोबाइलचे मनोरे आजूबाजूला: अशा ठिकाणी मी कोणताही विचार न करता हाच सुचवतो. फुलपाखरी दांडे आणि मागे जाळी असलेला चौकोनी पॅनेल अँटेना थोडा रुंद बघतो. दोन टॉवर जवळजवळ एकाच बाजूला पण जरा वेगळ्या कोनात असतील तर तो बरा. वाऱ्याला मात्र तो जास्त अडतो, पाइप मजबूत लागतो. चहूबाजूंनी बघणारा गोल अँटेना होडी, गाडी यांसाठी ठीक. घरावर लावलात तर सगळ्या दिशांचा कचराही तोच गोळा करणार.

मोठ्या अँटेनाकडून अवास्तव अपेक्षा नकोत. यागीची लांबी दुप्पट केली की दोन-तीन डेसिबल वाढतात, बस. तेवढेच डेसिबल कधी कधी चांगली केबल टाकून मिळतात, आणि पाइपावर चढायची जोखीमही वाचते.

घरात ठेवायचा अँटेना टॉवरच्या बाजूच्या खिडकीत, जमेल तितका उंच. धातूचा थर दिलेली काच, लोखंडी जाळ्या, पन्नी लावलेलं इन्सुलेशन यांच्यामागे तो हतबल असतो. त्यात बूस्टर असलेला घेण्याआधी साधा घेऊन बघा.

बसवताना

छतावरून विजेच्या तारा जवळून जात असतील तर लांब पाइप उभा करूच नका. ओल्या छतावर किंवा एकट्याने चढायचं नाही. हे काम जमत नसेल तर माणूस बोलवा आणि वर लिहिलेलं त्याच्याकडून करून घ्या.

दांडे आडवे की उभे हे टॉवर ठरवतो. आडव्या सिग्नलला उभा अँटेना धरलात तर २० डेसिबलपर्यंत नुकसान होऊ शकतं, म्हणजे सगळी शिल्लक खलास. शेजाऱ्यांचे अँटेना बघून दिशा ठरवू नका, त्यातले निम्मे जुन्या टॉवरकडे बघत असतात. नकाशावरून कोन काढा, तो होकायंत्राने जुळवा. होकायंत्र लोखंडी पाइपाजवळ धरू नका, भलतीकडे दाखवतं.

दिशा जुळवताना सर्वात कमजोर मक्स लावा आणि त्याच्या दर्जाकडे बघा. बोटभर फिरवा, चार-पाच सेकंद थांबा, पट्टी स्थिर झाली की पुढे. अँटेनाला मुख्य तोंडाशिवाय बाजूलाही छोटी तोंडं असतात, म्हणून पहिल्या चढावर समाधान मानू नका. पूर्ण पलीकडे नेऊन घसरण सुरू झालेली बघा आणि मधोमध परत आणा. ताकद थोडी कमी पण दर्जा जास्त अशी जागा सापडली तर तीच धरा, तिथे इमारतींवरून येणारे प्रतिध्वनी कमी लागताहेत. उंचीचंही तसंच. जमिनीवरून परतलेल्या लहरींमुळे वरखाली सिग्नलचे पट्टे पडतात, आणि अर्धा मीटर खाली आणल्यावर सुधारणा झालेली मी बऱ्याचदा पाहिली आहे.

बोल्ट आवळल्यावर पट्टी पुन्हा एकदा बघा, आवळताना अँटेना सरकतोच. मग चॅनेल पूर्ण पुसून नव्याने स्कॅन. तेच चॅनेल दोनदा आले, एक नेहमीच्या क्रमांकावर आणि एक भलत्याच क्रमांकावर (काही देशांत ८०० च्या घरात), तर दोन टॉवर पकडले गेलेत. नेहमीच्या क्रमांकावर कमजोर टॉवर बसला असेल तर आपोआप स्कॅन बंद करून हव्या त्या मक्सच्या फ्रीक्वेन्सी हाताने भरा. प्रत्येक मक्सचा दर्जा त्याच नोंदीच्या कागदावर तारखेसकट उतरवून कागद टीव्हीच्या मागे चिकटवा. पुढच्या वेळी बिघडलं की मेकॅनिकच्या हातात तोच द्यायचा.